काय बे, द्रोह करूलालास?

सोलापुरात देशद्रोही व्हायला फारसं काही करावं लागत नाही. क्रिकेटचा सामना रंगात आलेला असताना टीव्हीसमोरून उठून पाणी भरायला जावं आणि नेमकी तेवढ्यात आपली विकेट पडावी, एवढं पुरतं. आता पाणी भरायला जाणं भाग असतं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं तो दिवस हटकून सामन्याचा असतो. उजनी धरण भरलेलं असो की आटलेलं, नळाचं आणि क्रिकेट बोर्डाचं वेळापत्रक एकच माणूस बनवत असावा असा माझा जुना संशय आहे.

आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर या विषयाचं न्यायालय रोज सकाळी भरतं. वकील नाही, साक्षीदार नाही, तारीख पे तारीख नाही. कट चहा संपायच्या आत निकाल.

"काय बोलूलालास बे? इंडियाच्या बाजूनं हाईस का नाही?"

"हाय की मालक. पण त्यानं बॉल बघून तरी मारावं की."

"म्हंजे देशद्रोहीच हाईस."

आरोपी मान खाली घालून खारी बुडवतो. शिक्षा म्हणून सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यानंच द्यायचे असतात. तो देतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच न्यायाधीशाच्या जागी बसून दुसऱ्या कुणाला तरी धरतो. वर्गणी नाकारणारा, पुण्याचे रस्ते बरे म्हणणारा, मिरवणुकीतल्या डीजेचा आवाज कमी करा म्हणणारा, शेंगाचटणीला तिखट म्हणणारा पाहुणा असे सगळे याच कलमाखाली येतात. शेंगाचटणीचं एक वेळ समजू शकतो.

टपरीवरचं हे प्रकरण निदान हसण्यावारी जातं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं नाही. गेल्या एका पंधरा ऑगस्टला सेक्रेटरींनी पहाटे पाचला शुभेच्छांचं चित्र टाकलं. तिरंगा, कबुतर, उगवता सूर्य आणि खाली स्वतःचा फोटो. वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड ड्रॉइंग मास्तरांनी चष्मा लावून ते चित्र बघितलं आणि लिहिलं, "अशोकचक्रात २४ आरे असतात. या चित्रात २० आहेत." झालं! सकाळी आठपर्यंत मास्तरांना सतरा जणांनी विचारलं की देशात राहून देशाचे आरे मोजायला लाज वाटत नाही का. एकानं त्यांना शेजारच्या देशात जायचा सल्ला दिला. मास्तरांनी जन्मात सोलापूर-पुणे इंटरसिटीच्या पुढं प्रवास केलेला नाही. झेंडा बरोबर काढा म्हणणारा माणूस झेंड्याचा शत्रू कसा ठरतो हे मला त्या दिवसापासून कळेना, म्हणून म्हटलं, या शब्दाचं मूळ तरी शोधावं. माणसाचं गोत्र विचारू नये म्हणतात, शब्दाचं विचारायला हरकत नाही.

'द्रोह' हा संस्कृत 'द्रुह्' धातूपासून आलेला शब्द. अर्थ सरळ आहे: वाईट चिंतणं, इजा करणं, विश्वास मोडणं. जुन्या ग्रंथांत मित्रद्रोह भेटतो, गुरुद्रोह भेटतो, स्वामिद्रोह तर पावलोपावली भेटतो. लक्षात घ्या, हे सगळे द्रोह माणसाचे माणसाशी आहेत. ज्याचं मीठ खाल्लं, ज्याच्याकडून विद्या घेतली, ज्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला दगा दिला की तो द्रोह. नकाशाला दगा देता येतो ही कल्पना फार नंतरची.

गंमत पुढं आहे. या द्रुह् धातूचा एक सख्खा चुलतभाऊ इराणात राहतो. जुन्या पारशीकात 'द्रौग' म्हणजे खोटेपणा. तोच फारसीत 'दरोग' झाला, उर्दूत आला, आणि कोर्टात खोटी शपथ घेण्याला 'दरोग-हलफी' म्हणू लागले. विजापूर वेशीतल्या कुणाही जुन्या उर्दू जाणणाऱ्या माणसाला विचारा. म्हणजे आपण ज्याला द्रोही म्हणतो त्याला तिकडं खोटारडा म्हणायचे. इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास दरायस या सम्राटानं बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत एक लेख कोरून घेतला. चित्रात बंडखोर रांगेनं उभे आहेत, हात मागं बांधलेले, गळ्यात दोर. आणि प्रत्येकाबद्दल लिहिलंय की हा खोटं बोलला. काय खोटं बोलला? तर, मी राजा आहे असं म्हणाला! आता, खुद्द दरायसनंच गादी बळकावली होती आणि ज्याला त्यानं तोतया ठरवलं तोच खरा वारस असावा, अशी दाट शंका आधुनिक इतिहासकारांना आहे. पण कडा त्याच्या ताब्यात होता. छिन्नी-हातोडाही त्याच्याच. अडीच हजार वर्षांत या धंद्यात काही बदल झालेला मला तरी दिसत नाही. फक्त कड्याऐवजी ग्रुप ॲडमिन आला.

मराठीत यायचं तर बखरींत 'देशद्रोही' शोधायला जाऊ नये, वेळ जाईल. तिथं फितूर आहे, हरामखोर आहे, नमकहराम आहे, बेइमान आहे. यातले बहुतेक शब्द अरबी-फारसीच्या घरचे. शत्रूला फितूर झालेल्या माणसाला शिव्या द्यायच्या त्या शत्रूच्या दरबारी भाषेतून, असा हा व्यवहार. भाषाशुद्धीवाल्यांनी मराठीतून सगळे परके शब्द काढले तर भांडायला उभं राहिल्यावर पंचाईत होईल हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. हल्ली राजकारणात ज्याची चलती आहे तो 'गद्दार'ही अरबीच. २०२२ सालापासून महाराष्ट्रात तो इतका वापरला गेला की आता कुठल्या पक्षाचा माणूस कुठल्या पक्षाच्या माणसाला गद्दार म्हणतोय हे कळायला सोबत तारीख लागते.

आपल्याकडच्या दगाबाजांचे नामांकित नमुने दोन. खंडोजी खोपडे अफजलखानाला मिळाला, म्हणून त्याचा एक हात आणि एक पाय गेला. सूर्याजी पिसाळानं १६८९ साली रायगड शत्रूच्या हाती दिला असं म्हणतात. त्याबद्दल पुरावा किती आणि कहाणी किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण नाव म्हणीत गेलं ते गेलंच. नॉर्वेत क्विसलिंग नावाच्या गृहस्थांचं हिटलरला मदत केल्यानं असंच सामान्यनाम झालं. पिसाळ आडनावाच्या निरपराध माणसांनी शाळेत काय सोसलं असेल याचा विचार केला की वाईट वाटतं. आणि यातली खरी मेख अशी की खोपडेही देशमुखीवाला आणि पिसाळाची धडपडही वाईच्या देशमुखीसाठी. म्हणजे दोघांनाही 'देश' हवाच होता, आणि तोही कागदोपत्री, शिक्क्यानिशी, वंशपरंपरेनं. कारण त्या काळी देश म्हणजे चार-दोन डझन गावांचा मुलूख. देशमुख त्याचा कारभारी, देशपांडे हिशेबनीस. आजही कोकणातला माणूस घाट चढून वर आला की 'देशावर आलो' म्हणतो. त्या हिशेबानं सोलापूर पक्कं देशावर आणि रत्नागिरी परदेशात.

या मुलुखापलीकडच्या मोठ्या देशाशी द्रोह करण्याचा गुन्हा आपल्याला इंग्रजानं शिकवला. त्याचं नाव मात्र त्यानं चतुराईनं 'राजद्रोह' ठेवलं, कारण देश आपला होता, राज्य त्याचं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत हे कलम नव्हतं. मेकॉलेच्या मूळ मसुद्यात होतं, पुढं गळालं, आणि १८७० साली १२४-अ या नावानं परत घुसवलं. त्यातला मुख्य इंग्रजी शब्द 'डिसअफेक्शन', त्याचं आपल्या कायद्याच्या पुस्तकात 'अप्रीती' झालं. सरकारबद्दल अप्रीती चेतवणं हा गुन्हा. १८९७ साली टिळकांवर 'केसरी'तल्या मजकुरावरून पहिला राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्यूरीला समजावून सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष हवाच असं नाही, नुसतं प्रेम नसलं तरी भागेल!

स्ट्रॅचीसाहेब सोलापुरात कधी आले होते की नाही मला माहीत नाही. पण पहाटे साडेतीनला नळाखाली घागर धरून बसलेल्या माणसाच्या मनात सरकारविषयी जे काही चाललेलं असतं, त्याला त्यांच्या व्याख्येप्रमाणं जन्मठेपच आहे. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते, निकालही सहा विरुद्ध तीन लागला. टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी झाली. १९०८ साली पुन्हा तेच कलम, आणि या वेळी सहा वर्षं मंडाले. त्या खटल्यात टिळकांनी बराच वेळ एका गोष्टीवर खर्च केला: सरकारी भाषांतरकारानं 'केसरी'तल्या मराठीचं इंग्रजी कसं बिघडवलं ते दाखवण्यावर. माणूस मराठीत एक लिहितो, साहेबाला इंग्रजीत दुसरंच ऐकू येतं आणि तिसरीच शिक्षा होते. निकाल देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ साली टिळकांच्याच जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते. खुर्ची बदलली की माणसाला प्रीतीचा अभाव दिसू लागतो. १९२२ साली गांधीजींनी अहमदाबादच्या कोर्टात हे सगळंच सोपं करून टाकलं. प्रेम कायद्यानं तयार करता येत नाही, असं सांगून त्यांनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. तीही सहाच वर्षं मिळाली.

पण टिळक काय, गांधीजी काय, ही एकेकटी माणसं. आमच्या सोलापूरचा बाणाच वेगळा. इथं आख्ख्या गावानं एकदम द्रोह केला.

१९३० चा एप्रिल. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते राष्ट्रध्वज चढला. देशात असं करणारी ही पहिली नगरपालिका, असं आम्ही सोलापूरकर छाती पुढं काढून सांगतो. नगराध्यक्ष होते माणिकचंद शहा. झेंडा आजचा नव्हे, चरखा असलेला. पण साहेबाला जे कळायचं ते कळलं. एका नगरपालिकेनं ठराव करून, काम वेळेत पूर्ण केल्याचं हे उदाहरण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यायला हवं.

पुढच्या महिन्यात, ५ मे ला, कराडीच्या मुक्कामी मध्यरात्री गांधीजींना अटक झाली. बातमी सोलापुरात आली. मे महिन्यातलं सोलापूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो: त्या उन्हात एरवी आमचा माणूस दुपारी मोर्चाला सोडा, स्वतःच्या लग्नालाही बाहेर पडायचा नाही. पण गिरण्या बंद झाल्या, दुकानं बंद झाली, हजारो माणसं रस्त्यावर आली. ८ मे ला लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. ताडी-शिंदीवर सरकारला महसूल मिळायचा, तेव्हा झाड तोडणं म्हणजे तिजोरीवर घाव. अटका झाल्या, कलेक्टर नाईट आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग जमाव आवरला नाही. मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली, कोर्ट पेटलं, दोन पोलीस मारले गेले. सरकारी यंत्रणा शहरातून निघून गेली.

आणि ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. भारत स्वतंत्र व्हायच्या सतरा वर्षं आधी. या तीन दिवसांत काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकात उभे राहून बंदोबस्त आणि वाहतूक सांभाळत होते. सोलापुरात वाहतुकीला शिस्त असल्याचा माझ्या माहितीतला हा एकमेव लेखी पुरावा आहे. इतिहासकार या तीन दिवसांकडं स्वातंत्र्यलढ्यातलं पान म्हणून बघतात. मी नवी पेठेत रोज गाडी चालवणारा माणूस असल्यानं मला त्यात आणखी मोठा चमत्कार दिसतो.

१२ मे ला लष्कर आलं आणि मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत. त्याचे हुकूम वाचले की हसावं की रडावं कळत नाही. झेंडा घेऊन फिरणं गुन्हा. गांधी टोपी घालणं गुन्हा. पालिकेवरचा झेंडा खाली. एक वीतभर पांढरं कापड, धुऊन नीळ दिलेलं, डोक्यावर ठेवलं की साम्राज्य धोक्यात!

या टोपीचं मला राहून राहून हसू येतं. आमच्या भागात आजही लग्न असलं की मानपानाला टॉवेल-टोपी लागते. व्याह्याला टॉवेल-टोपी, मामाला टॉवेल-टोपी, सरपंचाला टॉवेल-टोपी, आचाऱ्यालाही टॉवेल-टोपी. टॉवेल सोलापूरचाच, कारण सोलापूरच्या टॉवेलानं जगाची अंगं पुसली जातात. टोपी कुणाच्याच डोक्याला बसत नाही, म्हणून ती घडी न मोडता पुढच्या लग्नात पुढच्या मामाला जाते. काही टोप्या तर अशा असतील की दोन पिढ्या फिरताहेत आणि अजून एकाही डोक्यावर बसलेल्या नाहीत. १९३० च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत, हा मानपान झाला असता तर आख्खं वऱ्हाड, आचाऱ्यासकट, लष्करी कोर्टापुढं उभं राहिलं असतं. वरमाईला जामीन मिळाला असता की नाही शंका आहे. तिची अप्रीती जगजाहीर असते.

इथपर्यंत हसून झालं. पुढचं हसण्यासारखं नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली: मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, विशीतला मुलगा. १२ जानेवारी १९३१ ला, सिद्धरामेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर आलेली असताना, येरवड्याला चौघांना फाशी दिलं. घरात कन्नड बोलणारा, उर्दू बोलणारा, मराठी बोलणारा आणि मारवाडी बोलणारा, असे चौघं. तेव्हाच्या सरकारी कागदात ते खुनी आणि दंगलखोर. आज शहराच्या मधोमध चौघांचे पुतळे आहेत, चौकाला नाव त्यांचं, नाट्यगृहाला नाव हुतात्म्यांचं. कुठलाही मंत्री सोलापूरला आला की आधी तिथं हार घालतो. मधल्या काळात त्या चौघांनी काही नवीन केलं नाही. सरकार बदललं.

सोलापूरचा दुसरा नमुना याहून अवघड. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, सोलापूरचा. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे गेले. बाकीचे परतले, हे राहिले. जपान्यांशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. १९४२ साली चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरला, बत्तीस वर्षांचे असताना, वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक आहे आणि चिनी पाहुणे तिथं आवर्जून येतात.

आता ही माहिती, नाव न सांगता, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बघा. "आपल्याच गावचा एक डॉक्टर चीनच्या लष्करात भरती झाला, तिथल्या बाईशी लग्न केलं, त्यांच्या कम्युनिस्ट पक्षात गेला." मी खरंच टाकून बघितली, दिवाळीच्या आधी, चिनी माळांवर बहिष्काराचे संदेश जोरात चालू असताना. तासाभरात त्या डॉक्टरचं नागरिकत्व गेलं, घरावर बुलडोझर गेला, डिग्री रद्द झाली आणि त्याच्या आईवडिलांच्या संस्कारांवर दोन निबंध आले. मग मी खाली लिहिलं, "डॉ. कोटणीस." ग्रुप पंधरा मिनिटं गप्प. मग सेक्रेटरींनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि लिहिलं, "सोलापूरचा अभिमान." त्याखाली बहिष्काराचा संदेश परत. त्याखाली चिनी मोबाइलवर काढलेला त्यांच्या घरच्या चिनी माळेचा फोटो. कलम नक्की कुठलं लावायचं ते मला ठरवता आलं नाही.

देशाचं झालं, राज्याचंही तेच आहे. महाजन आयोगानं १९६७ साली अक्कलकोट कर्नाटकात घाला असं सुचवलं तेव्हापासून हे लोण आमच्या दारात आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला आणि त्याच सुमारास सीमेवरच्या काही गावांतून आवाज उठला: रस्ता द्या, पाणी द्या, नाहीतर आम्ही पलीकडं जातो. टीव्हीवाले कॅमेरे घेऊन धावले. ज्या गावात एसटी जात नव्हती तिथं चॅनेलच्या चार-चार गाड्या पोचल्या, अर्थात खड्ड्यांतून. महाराष्ट्रद्रोह, महाराष्ट्रद्रोह म्हणून दोन दिवस गजर झाला. गावकऱ्यांपैकी निम्म्यांचं घरी कन्नड, शाळेत मराठी, सोयरीक दोन्हीकडं. मावशी इंडीची, आत्या मंगळवेढ्याची. त्यांना विचारायचं कोण? त्यांची मागणी डांबराची होती. डांबराला भाषा नसते, आणि सीमेवर तर बहुतेक वेळा डांबरच नसतं.

एवढं सगळं झाल्यावर वाचक विचारतील की कायद्यात तरी काय आहे? सांगतो. १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीनं ३१-ड नावाचं एक कलम घातलं. त्यात राष्ट्रविरोधी कारवाया म्हणजे काय याची व्याख्या होती. सरकार बदलल्यावर ४३ व्या दुरुस्तीनं ते उचलून बाहेर टाकलं. डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत प्रश्न आला तेव्हा गृहखात्याच्या उत्तरातही हेच होतं की राष्ट्रविरोधी या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही. १२४-अ चं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सांगून ठेवलं होतं की सरकारवर नुसती टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हिंसेला चिथावणी हवी. २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयानं त्या कलमाचा वापरच थांबवला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. ती मांडताना संसदेत सांगितलं गेलं की राजद्रोह गेला, आता देशद्रोह. मी उत्सुकतेनं कलम १५२ वाचलं. त्यात देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांची शिक्षा आहे. 'देशद्रोह' हा शब्द काही कलमात सापडला नाही. म्हणजे ज्या शब्दावरून गावात रोज डोकी फुटतात, तो सरकारी पुस्तकात अजून जन्मालाच यायचा आहे.

ड्रॉइंग मास्तरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आरे २४ च ना?"

तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे. कुणाचा फार राग आलाच तर हा शब्द जरा राखून ठेवा, खरोखर घर फोडणारा कुणी भेटला तर लागेल. तोवर मराठीत आगाऊ आहे, खडूस आहे, कजाग आहे, चोंबडा आहे, आतल्या गाठीचा आहे, उंटावरचा शहाणा आहे. एकेक वापरून बघा, पुष्कळ दिवस पुरतील. आणि सोलापुरात असाल तर तेवढेही लागणार नाहीत. नीट आवाज लावला तर नुसता 'बे' पुरतो.